निळ्या झाकणाची ट्यूब अर्धीच भरली

संपादक साहेब,

आमच्या नानांचा हार्टचा व्हॉल्व बदललेला, त्यामुळे रोज वॉरफरिनची (रक्त पातळ ठेवणारी) गोळी आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याची तपासणी. मागच्या खेपेला चोपड्यात रिपोर्ट आला ४.९, आई घाबरली, म्हणे कुठं आपटले तर रक्तच थांबायचं नाही. डॉक्टरांनी आधी विचारलं, ट्यूब पूर्ण भरली होती का? नव्हती ना, शीर सापडेना म्हणून लॅबवाल्या पोराने अर्धीच भरली. त्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, मग लॅबमध्ये कॅल्शियम आणि थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारं द्रव्य) टाकून किती सेकंदात गुठळी होते ते मोजतात. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे माप ठरलेलं, रक्त कमी पडलं की आकडा उगाच फुगतो. परत तपासलं तर ३.१! घाबरून गोळी बंद केली असती तर व्हॉल्ववरच गुठळी झाली असती एखाद्वेळेस. दोनदा टोचा पण ट्यूब पूर्ण भरा एवढंच म्हणणं.

बाकी भरीताच्या सीझनला कांद्याची पात एकदम वाढवू नका, व्हिटॅमिन के मुळे आकडा खाली येतो असं डॉक्टरांनी बजावलंय, नाना ऐकतील तर शपथ.

– एक वाचक, चोपडा