एकाच लाइनीवरच्या तीन इमारती

सातारा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शाळा, वसतिगृह आणि वाचनालय या तिन्ही इमारती 100 एमबीपीएसच्या एकाच लाइनीवर चालवायच्या, तर कोणाला किती वेग द्यावा, असे तू पत्रात विचारले आहेस. आकडे सांगतोच, परंतु त्याआधी कळकळीची विनंती अशी की, वाटणी करताना मध्ये भिंती घालू नकोस. आमच्या संस्थेत मी प्रथम तेच केले होते. रात्री शाळेला कुलूप, वाचनालय बंद, बहुतेक लाइन रिकामी, आणि वसतिगृहातली मुले मात्र 25 एमबीपीएसच्या मर्यादेत अभ्यासाचे व्हिडिओ अडखळत पाहत होती. त्याचे मला अजून वाईट वाटते.

राउटर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा असेल, तर त्यात वेग वाटून देणारी एचटीबी ही पद्धत मिळते. तिच्यात प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे असतात: गर्दीतही हक्काने मिळेल तो वाटा, आणि इतरांचे शिल्लक असेल तेव्हा उसने घेऊन जिथवर जाता येईल ती कमाल. शाळेला 50, वसतिगृहाला 25, वाचनालयाला 20 असे हक्काचे वाटे ठेव आणि कमाल मर्यादा तिघांनाही 95 दे. शाळा सुटली की तिचा वाटा आपोआप वसतिगृहाकडे जातो.

बेरीज 100 ऐवजी 95 का, हे नीट समजून घे, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. लाइन तुडुंब भरली की पुढे जायला थांबलेल्या माहितीची रांग मोडेममध्ये लागते, आणि तिथे तुझ्या नियमांना कोणी विचारत नाही. 20 एमबीपीएसच्या अपलोडसमोर अडीच मेगाबाइट (म्हणजे 20 मेगाबिट) साठले, तर मागून आलेल्या प्रत्येक पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, पूर्ण एक सेकंद थांबावे लागते. मग वेग कितीही असो, ऑनलाइन वर्गातला आवाज तुटतोच. म्हणून लाइनीपेक्षा थोडी कमी मर्यादा आपणच घालायची, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्ये राहते. अपलोडलाही हाच नियम लाव. तिकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्या रांगेवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी पद्धत बसव, म्हणजे एका मोठ्या फाइलीमागे इतरांची छोटी पॅकेट्स अडकून पडत नाहीत. त्याच्या मुळाशी असलेली कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 साली मांडली.

इमारतींमधली आपसातली वाहतूक, विशेषतः शाळेच्या सर्व्हरवर होणारा बॅकअप, या मर्यादेतून वगळायला विसरू नकोस. नाहीतर इंटरनेटला न शिवणारे कामही विनाकारण रखडेल.

सगळे बसवून झाले की वसतिगृहातून मोठी फाइल अपलोडला लाव आणि त्याच वेळी शाळेतून पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, पाहा. तो शेकडो मिलिसेकंदांवर गेला, तर रांग अजून मोडेममध्येच आहे असे समज आणि मर्यादा आणखी थोडी उतरव. पिंगचे आधीचे व नंतरचे आकडे मला अवश्य कळव.

तुझा स्नेही