आई-आप्पा, काल मी परत उडाले

आई, आप्पा,

फोनवर आई रडेल आणि मग मी पण, म्हणून लिहितेय. आप्पा, तुम्ही वाचून दाखवा, चष्मा लावून, मधलं गाळायचं नाही.

विमान पडल्याचा तो व्हिडिओ माझ्याआधी तुमच्यापर्यंत पोचला, ही माझी चूक. तीन दिवस नुसतं "जेवले, झोपले" सांगत राहिले. विमान आमच्या फ्लाइंग स्कूलचंच होतं. मी त्यात नव्हते, दोघंही वाचलेत, एकाचा पाय मोडलाय. आई, तुला लगेच वर्डीला शिकाऊ विमान पडलं ते आठवलं असणार, 2021 चं. चोपड्याच्या डोंगरातून त्यातल्या शिकाऊ पायलट पोरीला साडीची झोळी करून खाली आणलं ते ऐकून तू दोन दिवस नीट जेवली नव्हतीस, आणि तेव्हा तर मी फॉर्मसुद्धा भरला नव्हता.

चौकशी सुरू आहे, पण बघणारे म्हणतात की उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर रनवेची लाईन हुकली आणि स्पीड कमी असताना वळण आवळलं. आमचं सेसना 172 सरळ जाताना साधारण 48 नॉटच्या (ताशी 90 किलोमीटर धरा) खाली हवेवर तरत नाही, आणि 45 अंश कलवून उंची धरून ठेवली की तीच मर्यादा 57 च्या आसपास जाते. याला स्टॉल म्हणतात, इंजिन बंद पडणं नव्हे आप्पा, इंजिन चालूच असतं. एक पंख आधी पडतो आणि विमान गरकन फिरतं.

घराच्या धाब्यावरचा पतंग आठवतो? गोता खायला लागला की मी घाबरून मांजा ओढायचे आणि तुम्ही मागून माझी बोटं सोडवायचे, "ढील दे, ढील!" इथेही तेच, ओढायचं नाही, नाक खाली सोडायचं. खूप वर असताना हे आम्ही मुद्दाम करून शिकतो. पण जमिनीजवळ ढील द्यायला जागाच नसते, आपला पतंग कसा सरळ निंबात जायचा. म्हणून तिथे गोता येऊच द्यायचा नाही, वळण चुकलं की पॉवर देऊन वर जायचं, परत फेरी मारायची, कोणी हसलं तर हसू दे.

तर मी थांबत नाहीये. काल सरांसोबत गेले होते. शेवटच्या वळणावर हात घामाने चिकट झाला, दोनदा उतरणं सोडून वर गेले, त्यातलं एकदा तर गरजही नव्हती, सर काही बोलले नाहीत. लायसन्ससाठी लागणाऱ्या 200 तासांतले 138 झालेत. पैशांसाठी नाही, म्हणजे ते पण आहेच, वरच्या वावराचं मी विसरलेले नाही, पण वावर तसंच असतं तरी काल मी गेलेच असते. तुम्हाला न विचारता गेले, रागवा.

बाकी इथे मजेत. मेसच्या काकू कळण्याच्या भाकरी करून देतात, ठेचा तेवढा तुझ्यासारखा नाही. दराब्याचे लाडू रोज अर्धा-अर्धा खातेय. रूममध्ये कूलर आलाय, झोप येते. खरंच येते.

आप्पा, बीपीची गोळी सकाळीच, "नंतर घेतो" नाही. रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला एकट्याने जायचं नाही, दादाला उठवा. आई, गुडघ्याचा एक्सरे पोळ्याच्या आत. व्हिडिओ डिलीट करा आणि काकांना ग्रुपवर उत्तर देत बसू नका.

उडायच्या आधी मेसेज करेन, उतरल्यावर दुसरा. दुसरा उशिरा आला तर फोन लॉकरमध्ये आहे समजा.

परवा "घर ई जाय" म्हणालीस ना, दिवाळीला येतेय. भरताची वांगी मी भाजणार, काड्यांवर.

तुमची,
छोटी