तपासणी अहवाल रुग्णाचा की मोबाइल क्रमांकाचा?

महोदय,

नाशिकमधील अनेक प्रयोगशाळा आणि खासगी रुग्णालये आता रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल कागदावर न देता आपल्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ठेवतात. अहवालासाठी होणारी दुसरी खेप वाचते, डॉक्टरांना तो मोबाइलवरच दाखवता येतो. या सोयीला माझा विरोध नाही. मात्र ही व्यवस्था रुग्णाला ओळखत नाही, तर नोंदणीच्या वेळी सांगितलेल्या मोबाइल क्रमांकाला ओळखते. त्यातून काय घडते, हे गेल्या महिन्यात आमच्या घरी अनुभवास आले, म्हणून हे पत्र.

माझी थोरली बहीण पेठ तालुक्यातील एका गावात राहते. गुडघेदुखीसाठी ती बरेच महिने वेदनाशामक गोळ्या घेत होती, म्हणून डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी करण्यास सांगितले. भाचा तिला नाशिकला घेऊन आला आणि प्रयोगशाळेच्या काउंटरवर मोबाइल क्रमांक विचारताच त्याने सवयीने स्वतःचा सांगितला, कारण बहिणीकडे मोबाइल नाही. तिला आमच्याकडे ठेवून तो गावी परतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर लिंक आली. त्याच्या गावात संदेश येण्यापुरती रेंज टेकाडावर मिळते, पीडीएफ उतरण्याइतकी मिळत नाही. त्याने ती लिंक मला पाठवली, तर ती ओटीपी मागू लागली आणि ओटीपी पुन्हा त्याच्याकडेच. त्याने टेकाडावर जाऊन तो पाहून मला कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असे. मी पैसे भरल्याची पावती आणि बहिणीचे आधार कार्ड घेऊन, बहिणीसह काउंटरवर गेलो, तेव्हा उत्तर मिळाले, ‘नंबर ज्याचा, त्यालाच रिपोर्ट.’ जिच्या अंगातून रक्त काढले ती समोर उभी असताना हे ऐकावे लागले. अखेर चौथ्या दिवशी भाचा एसटीने नाशिकला आला, तेव्हा अहवाल उघडला. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढलेले होते आणि डॉक्टरांनी त्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. तोपर्यंत ती त्या घेतच होती.

पूर्वी कागदही हरवत असत, हे मान्य. पण ज्याचा कागद त्याच्याच पिशवीत हरवत असे.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. एका घरातील चार-पाच जणांची नोंद बहुधा कर्त्या माणसाच्या क्रमांकावर असते. मग सुनेच्या गर्भधारणेच्या किंवा तरुण मुलाच्या एखाद्या खासगी तपासणीचा अहवाल प्रथम सासऱ्याच्या वा वडिलांच्या मोबाइलवर उघडतो. म्हणजे जिथे गुप्तता हवी तिथे ती राहत नाही आणि जिथे अहवाल तातडीने हवा तिथे गुप्ततेच्या नावाखाली तो अडतो.

वास्तविक कागदपत्रे मिळण्याच्या हक्काचे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने वैद्यकीय नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे डॉक्टरांसाठी स्पष्ट म्हटले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये तर प्रत्येक व्यक्तीला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो, वेगवेगळ्या ठिकाणचे अहवाल त्याला जोडता येतात आणि ते कोणाला दाखवायचे, हे त्या व्यक्तीच्या संमतीने ठरते. पण त्यासाठी प्रयोगशाळेनेही त्या व्यवस्थेत सहभागी व्हावे लागते. बहिणीचे आभा कार्ड मी काउंटरवर दाखवले, तेव्हा ते तिथे चालत नसल्याचे सांगण्यात आले.

अहवाल हाती आल्यानंतरचीही एक अडचण आहे. मर्यादेबाहेरचे आकडे लाल किंवा ठळक अक्षरांत छापलेले असतात, सगळा मजकूर इंग्रजीत असतो आणि तो बहुधा रात्री, डॉक्टर भेटणार नाहीत अशा वेळी येऊन पडतो. बहुतेक तपासण्यांची संदर्भ मर्यादा निरोगी लोकांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांचे आकडे तीत बसतील अशा बेताने ठरवलेली असते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ असते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींत हे कुठेच लिहिलेले नसते आणि रात्रभर इंटरनेटवर रोग शोधत बसणाऱ्या माणसालाही ते ठाऊक नसते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. नेहमीच्या पंधरा-वीस तपासण्यांचे साध्या मराठीतील माहितीपत्रक विद्यापीठाने तयार केल्यास प्रयोगशाळांना ते अहवालासोबत जोडता येईल.

प्रयोगशाळाचालकांना आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नाशिक शाखेला माझी विनंती आहे की, नोंदणीच्या वेळी ‘हा क्रमांक कोणाचा?’ एवढा प्रश्न विचारावा व रुग्णाच्या इच्छेने दुसराही क्रमांक नोंदवावा. ओळखपत्र व पावती घेऊन रुग्ण स्वतः आल्यास त्याला छापील प्रत द्यावी. त्यासाठी दहा-वीस रुपये घेतले तरी कोणाची तक्रार नसेल. आकडा चिंताजनक असेल, तर लिंकवर विसंबून न राहता तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा. बहिणीच्या बाबतीत तो झाला असता, तर ओटीपीची वाट पाहावीच लागली नसती.

तिची पुढील तपासणी पंधरा दिवसांनी आहे. या वेळी मी माझा क्रमांक देणार आहे. मात्र मागील अहवाल माझ्या खात्यात दिसणार नाही, असे आताच सांगण्यात आल्यामुळे त्याची छापील प्रत काढून तिच्या फाइलला लावली आहे.

– एक ज्येष्ठ नागरिक, इंदिरानगर, नाशिक