आरशामागे बसलेल्या मॅडमना

प्रिय मॅडम,

कॅलिफोर्नियातून पदवी घेऊन पुण्यात परतल्यापासून विद्यार्थी विचारत असतात, कपल अँड फॅमिली थेरपीच्या मास्टर्समध्ये नक्की शिकवतात काय? अभ्यासक्रम त्यांना कुठेही मिळेल. तुम्ही काय केलंत ते मात्र त्यात नसतं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते आहे.

वन-वे मिररच्या, म्हणजे एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशाच्या खोलीतला तो दिवस. आत मी आणि एक जोडपं, आरशापलीकडे तुम्ही आणि माझे वर्गमित्र. तुम्ही तिथे आहात हे त्या दोघांना माहीत होतं, त्यांनी लेखी संमती दिली होती. त्यांच्याविषयी काही लिहिणार नाही. दोघंही आळीपाळीने माझ्याशीच बोलत होते, एकमेकांच्या तक्रारी माझ्याकडे मांडत होते, एवढंच सांगते. खोलीतला फोन वाजला. तुम्ही म्हणालात, "खुर्ची जरा मागे घे आणि त्यांना एकमेकांकडे वळून बोलायला सांग." बस्स. मी खुर्ची सरकवली. पुढच्या काही मिनिटांत त्या दोघांमध्ये जे बोलणं झालं, ते माझ्या कुठल्याही प्रश्नाने झालं नसतं. कुटुंबाला भांडणाचं नुसतं वर्णन करू द्यायचं नाही, ते समोर घडू द्यायचं, ही फॅमिली थेरपिस्ट साल्वादोर मिनुचिनची पद्धत मी पुस्तकात वाचली होती. अंगात उतरली ती त्या दिवशी.

आणि जेनोग्राम, घरातल्या पिढ्यांची नि नात्यांची ती आकृती! पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. माझ्या घराचा काढायला घेतला तर कागद पुरेना. एका छताखाली आजी, काका-काकू, चुलत भावंडं आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेली आत्या, जिने मला वाढवलं. वर्गातल्या एकाने अगदी मनापासून विचारलं, या घरात सीमारेषा आहेत कुठे? मिनुचिनच्या हिशेबात हे एकमेकांत फार गुंतलेलं कुटुंब नाही का? तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. मला विचारत गेलात: रात्री मूल रडलं तर कोण उठतं? पैशाचं कोण ठरवतं? रुसलेलं माणूस कुठे जाऊन बसतं? मी उत्तरं देत गेले आणि रेषा दिसत गेल्या. माझ्या शाळेच्या बाबतीत आत्याचा शब्द शेवटचा, स्वयंपाकघरात आजीचा. आज सासू-सासऱ्यांबरोबर राहणारं जोडपं समोर बसतं तेव्हा "वेगळे राहा" हे माझ्या ओठावर येत नाही. आधी मी हेच प्रश्न विचारते.

परवान्याचं गणितही तुम्हीच समजावलंत. अमेरिकेत या पेशाला सर्वांत आधी, १९६३ मध्ये, परवाना देणारं राज्य कॅलिफोर्निया. तिथे ३००० तासांचं काम, तेही किमान १०४ आठवडे देखरेखीखाली, आणि परीक्षा वेगळ्या. काही तास शिकतानाच मोजले जातात, पण आम्हा विद्यार्थी व्हिसावाल्यांना पदवीनंतर कामाची मुभा जेमतेम एक वर्ष. पहिल्याच सत्रात हे कागदावर मांडून दाखवणाऱ्या तुम्ही एकट्या. प्रॅक्टिकमसाठी, म्हणजे शिकतानाच्या प्रत्यक्ष कामासाठी, एका केंद्राने व्हिसाचं नाव ऐकताच नकार दिला, तेव्हा दुसऱ्या केंद्राच्या प्रमुखांना तुम्ही स्वतः फोन करून कामाच्या परवानगीची पद्धत समजावलीत. ते तुमचं काम नव्हतं.

आपल्याकडे या शाखेला वेगळा परवानाच नाही. १९८४ च्या कायद्याने आलेल्या कुटुंब न्यायालयांत समुपदेशक असतात, पण तिथवर जाईपर्यंत बरंच काही तुटलेलं असतं. त्याआधी मदत मागणाऱ्या जोडप्यांसाठी प्रशिक्षित माणसं थोडी, आणि त्या माणसांचं काम बघणारी त्याहून थोडी. मला याचीच जास्त काळजी वाटते. एकटीने बंद दाराआड काम करणारी थेरपिस्ट नकळत एकाची बाजू घेऊ लागली, तर तिला ते सांगणार कोण? "कायदा मागत नाही म्हणून सुपरव्हिजन सोडू नकोस," हे निघताना तुम्ही बजावलं होतंत. आम्ही काही जणी आता महिन्यातून एकदा जमतो. क्लायंटच्या संमतीने केलेलं रेकॉर्डिंग लावतो, थांबवतो, वाद घालतो.

डिसेंबरमध्ये तुम्ही आईंना भेटायला पुण्यात याल, तेव्हा एक संध्याकाळ आमच्यासाठी ठेवा. दोन रेकॉर्डिंग तयार ठेवते. एका जोडप्यापाशी मी अडले आहे आणि त्याबद्दल मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची विद्यार्थिनी