कासवाचे दोन पाय राहिलेत

प्रिय बंड्या,

फोनच करणार होते, पण हा विषय निघाला की तू लगेच "बाकी काय, पाऊस काय म्हणतोय" वर येतोस, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच. वहिनीला वाचायला देऊन "काय म्हणतेय ती" असं विचारू नकोस.

तब्येती बऱ्या. माझी शुगर गोळीवर आटोक्यात, यांचा गुडघा कुरकुरतो पण चालतो. झालं.

तर मी क्रोशाच्या क्लासला जाते हे तुला माहितीये. "काकूंनी शिकवलं तेवढं पुरलं नाही का" असं म्हणून हसला होतास. नाही पुरलं रे. आईनं आपल्याला साखळी, मुका खांब, खांब हे टाके शिकवले, तो अननसाचा रुमाल शिकवला, ताटाभोवतीची महिरप शिकवली, पण सगळं पांढऱ्या दोऱ्यात आणि सगळं सपाट. आता क्लासमध्ये ते जपानी अमिगुरुमी असतं ना, आत कापूस भरून हत्ती ससे कासवं करतात ते, ते मी पहिल्यांदा इथेच शिकले. कर्वेनगरला एका ताईंच्या घरी वरच्या खोलीत क्लास असतो, शिकवतात छान, नवीन माणसाला आधी जाडसर सुती दोरा आणि चार मिलिमीटरची सुई देतात, रंग फिका, म्हणजे टाका डोळ्याला दिसतो. काळी लोकर घेऊन कोणी आलं तर प्रेमानं परत पाठवतात. आधी नुसती साखळी, ती एकसारखी येईपर्यंत पुढचं काही नाही, मग मुक्या खांबांची पट्टी. पट्टीत सगळ्यांचं तेच होतं, कडेचा टाका राहतो आणि पट्टीचा त्रिकोण होत जातो. तुझाही झाला होता. आई म्हणाली होती ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका मोजल्याशिवाय उलटायचं नाही, आणि तू म्हणाला होतास की मला त्रिकोणच करायचा होता. अजून मी ते मानत नाही.

मे महिन्यात ताईंनी मुलांची बॅच काढली आणि मला मदतीला घेतलं. मुलीच सगळ्या, आणि एक मुलगा. सातवीत गेलाय आता. तो का आला तर त्याच्या बहिणीला सोडायला आला होता, तिला दोन दिवसांत कंटाळा आला आणि हा राहिला. बंड्या, त्याचा हात बघायला हवा होतास तू. दोरा डाव्या करंगळीला एक वेढा देऊन पहिल्या बोटावर घ्यायचा हे मोठ्या बायकांना आठवडाभर जमत नाही, सारखा सुटतो. याला एकदा दाखवलं. सुई पेन्सिलीसारखी न धरता वरून धरतो, सुरीसारखी, तू धरायचास तशीच, मी म्हटलं कोणी शिकवलं तर म्हणे असंच बरं वाटतं. आणि दोरा ओढत नाही. आई तुझ्याबद्दल म्हणायची ना, "याचा हात घट्ट नाही आणि सैल नाही, बसलाय", तस्साच. ओठ हलतात मोजताना, आवाज नाही.

तर ताईंनी सगळ्यांना कासव दिलं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात, सहा मुके खांब, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, प्रत्येक फेरीत सहा वाढवायचे, म्हणजे गोल सपाट बसतो, वाढवणं थांबवलं की तो वाटीसारखा वळायला लागतो आणि तीच कासवाची पाठ. फेरी कुठून सुरू झाली ते कळायला टाक्यात सेफ्टी पिन. बाकीच्या मुली पॅटर्न वाचून करत होत्या. यानं वहीत ६, १२, १८, २४ असं लिहिलं आणि मला विचारलं, "आजी, सहाच्या ऐवजी प्रत्येक टाक्यात दोन दोन घातले तर?" मी म्हटलं करून बघ. दुसऱ्या दिवशी घेऊन आला. ६, १२, २४, ४८, ९६, १९२. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर झाली होती, टेबलावर ठेवली तर बसेना, कुठूनही दाबली तरी दुसरीकडून उसळे. इतका खूश होता! मी घरी येऊन यांना दाखवलं, हे म्हणाले हे तर काहीतरी गणितातलं आहे, मग शोधलं, आणि खरंच आहे. डायना तायमिना म्हणून लाटव्हियाच्या गणिताच्या बाई आहेत, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवायच्या, त्यांनी १९९७ साली हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे असाच झालरीसारखा उसळत पसरणारा, क्रोशानं करून दाखवला. त्याआधी कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे आणि ते फाटायचं. दोऱ्याचं फाटत नाही, विद्यार्थ्यांना हातात घेऊन वाकवता येतं, घडी घालता येते. आणि हे पोरगं काहीही माहीत नसताना तिथे पोचलं, नुसतं असं केलं तर काय होईल म्हणून.

आता खरी गोष्ट. शाळा सुरू झाल्यावर बॅच शनिवारची केली. पालख्या पुढे गेल्या त्यानंतरच्या शनिवारी त्याचे आजोबा आले. छत्री दाराशी नीट उभी केली, चपला काढल्या, अगदी सभ्य माणूस. म्हणाले, "फी परत नको. पण तो आता येणार नाही. सुट्टीपुरतं ठीक होतं. मुलाच्या जातीला हे बरं नाही दिसत, वर्गातली मुलं चिडवतात, आणि आत्ताच थांबवलेलं बरं." मुलगा मागे उभा. रडला वगैरे नाही. आजोबा ताईंशी बोलत होते तेव्हा माझ्याजवळ आला आणि दप्तरातून कासव काढून दिलं. पाठ झालीय, डोकं झालंय, पुढचे दोन पाय शिवून झालेत, मागचे दोन राहिलेत. म्हणाला, "आजी, हे इथेच राहू दे. घरी नको." सुई पण दिली.

मला त्या क्षणी कोण आठवलं ते तुला सांगायला नको. घरी नको म्हणाला रे तो. बंबाची गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही, यांनाही नाही. तू पण त्यानंतर आमच्याकडे माडीवर आलास तो पत्ते खेळायलाच, आणि आईनं तुझी सुई कितीतरी दिवस खिडकीच्या खोबणीत ठेवली होती, तू मागशील म्हणून. ती तू मागितली नाहीस आणि तिनं दिली नाही. (आणि ती सुई तुझी नव्हतीच, माझी होती, वरची टोपी पिवळी होती ती माझी. तुझी हिरवी. हे भांडण मी सोडणार नाही.)

ताई म्हणतात आपण मध्ये पडू नये, पालकांचा प्रश्न आहे. बरोबर आहे त्यांचं, त्यांना क्लास चालवायचाय. पण मला झोप लागत नाही. आजोबा म्हणजे आपल्याच वयाचा माणूस, सकाळी टेकडीवर भेटतो, नमस्कार करतो. मी ठरवलंय त्याच्याशी बोलायचं. काय बोलायचं तिथे अडलंय सगळं.

एक म्हणजे गणित. त्या तायमिनाबाईंचं सांगायचं, नातवाची झालर दाखवायची, म्हणायचं तुमचा नातू भूमिती करतोय. शंभर टक्के चालेल, पुण्यात गणित म्हटलं की कोणीही ऐकून घेतं. दुसरं म्हणजे टॉम डेली. तो ब्रिटनचा डायव्हिंगवाला, २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि मग प्रेक्षकांत बसून विणत होता, सगळ्या जगानं बघितलं, पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यानं पदकाला पिशवी विणली. तो क्रोशापण करतो. यांचं म्हणणं हा व्हिडिओ दाखव, आजोबा गप्प होतील. तिसरं, हे सांगायचं की क्रोशा करणारं मशीन अजून कारखान्यांत आलेलं नाही, स्वेटर मशीनवर होतो, हे नाही होत, दुकानात मशीनचं म्हणून मिळतं ती नुसती तशी दिसणारी जाळी असते, खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी हातानंच घातलेला असतो. म्हणजे हातात असलेलं कसब आहे, उद्या उपयोगी पडेल. आजोबा बँकेतले आहेत, उपयोग त्यांना कळेल.

आणि हे सगळं खरं असूनही मला ते बोलायची इच्छा होत नाही. कारण मग काय ठरलं, की गणित आहे म्हणून चालेल, पदक आहे म्हणून चालेल, पैसे मिळतील म्हणून चालेल. त्याला आवडतं आणि त्याला छान येतं, एवढं का पुरत नाही? क्लासमधल्या त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलींना कोणी विचारत नाही याचा उपयोग काय. त्यांना काय, बाईमाणूस आहे, शिकेल, रुखवतात येईल. (तेही मला आवडत नाही, पण तो वेगळा विषय.) आणि समजा गणितावर परवानगी मिळाली आणि पहिल्या चाचणीत गणितात कमी पडले, मग? मग सुई पुन्हा काढून घेणार. उलट बाजूनं विचार केला तर वाटतं, तत्त्व गेलं उडत, पोरगं शनिवारी परत येऊ दे, मग गणित सांगावं लागलं तर गणित सांगेन. त्याचे पुढचे चार महिने महत्त्वाचे आहेत. या वयात हात एकदा थांबला की थांबतो, माझ्यासमोर थांबलेला आहे एकाचा.

आणि चिडवणाऱ्या मुलांचं काय, तेही आजोबांचं सगळंच खोटं नाहीये. ती मुलं मी कुठून गप्प करणार. तुला आठवतं ना खालच्या चौकातली गँग, तुला काय नाव पाडलं होतं ते मी इथे लिहीत नाही. तू त्यातल्या थोरल्याला हौदात ढकललंस आणि मार मी पण खाल्ला, कारण साक्षीला मी होते. त्या दिवशी माझ्या वेण्या धरून तूच म्हणाला होतास की तुझ्यामुळे झालं, तू मला माडीवर बोलावलंस. मी नव्हतं बोलावलं. तू स्वतः आला होतास, आईच्या मांडीवरची महिरप बघून, आणि अर्धी दुपार नुसता बघत बसला होतास. मला स्पष्ट आठवतंय.

म्हणून तुला एकच विचारायचंय आणि यासाठीच एवढं लांबण लावलंय. तुझ्या नानांना तेव्हा कोणी जाऊन काय सांगितलं असतं तर त्यांनी तो रुमाल बंबात घातला नसता? आई गेली होती बोलायला, पण ती "मुलगा गुणी आहे हो" एवढंच बोलून परत आली. आणखी काय बोलायला हवं होतं? की कोणी काही बोलून उपयोगच नव्हता आणि त्याऐवजी तुझ्याशी कोणीतरी बोलायला हवं होतं? मी हा विचार आत्ता लिहिता लिहिता करतेय. आजोबांना गाठायच्या नादात मी त्या पोराला एकदाही सांगितलं नाहीये की तुझं काही चुकलेलं नाही. तो दप्तर घेऊन याच रस्त्यानं जातो. त्याला हे सांगणं योग्य आहे का घरच्यांना बाजूला ठेवून? तू बाप आहेस, तू सांग.

बाकी तुझं, पेन्शनचं काम झालं का, वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, लेकीचा सीएचा निकाल लागला का ते व्हॉट्सअॅपवर टाक. बडोद्याला दिवाळीनंतर येऊ असं हे म्हणतायत, नक्की नाही.

हां, एक राहिलं. क्लासमध्ये गणपतीसाठी तोरण करतोय, प्रत्येकानं एक पान. परवा रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन दोरा आणला, हिरव्याच्या दोन छटा, केशरी झेंडूसाठी, आणि तुळशीबागेतून चार सुया. तोरणात एकोणीस पानं होतात, वीस हवीत. विसावं तू करून पाठव. साखळ्या पंधरा, एका बाजूनं आधी मुका, मग अर्धा, मग खांब, मग परत उतरत मुक्यापर्यंत, टोकाला तीन साखळ्यांचं वळण आणि दुसऱ्या बाजूनं तेच. हात विसरलेला नसणार तुझा, उगाच सांगू नकोस. दोरा आणि चार नंबरची सुई कुरिअरनं पाठवतेय, पार्सल वहिनीच्या नावानं नाही, तुझ्या नावानं.

शुक्रवारच्या आत उत्तर दे, शनिवारी सकाळी मी टेकडीवर आजोबांना गाठणार आहे, तू काहीही लिहिलंस तरी.

तुझी,
चिमी