ट्रंकेतल्या पावत्या

पुणे, रविवार

तीर्थरूप आबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माजी सैनिक संघटनेचा विषय निघाला की आबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. आई, मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

दिवाळीत आबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी 'स्पर्श'वर, म्हणजे लष्करी पेन्शनच्या संकेतस्थळावर, माहिती भरत होते आणि कागद शोधायला पांढऱ्या रंगात नंबर घातलेली ती काळी ट्रंक उघडली. तळाशी माजी सैनिक संघटनेच्या पावत्या निघाल्या. वर्गणीच्या बऱ्याच, आणि 2015 ची 500 रुपयांची एक. वर्गणी भरता, मग बैठकीला एकदाही का जात नाही, असं मी विचारलं. तुम्ही गप्प राहिलात आणि मी म्हणून गेले, "तुम्हाला माणसंच नकोत." आबा, ते बोलायला नको होतं. तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही.

कारण मी लहान होते तरी सगळं पाहिलेलं आहे. शाळेच्या पटांगणावर सत्काराचा कार्यक्रम होता. तुम्ही पदकं लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, आणि भाषणं सुरू झाल्यावर कळलं की ती निवडणुकीची सभा आहे. तुम्हा सगळ्यांना उमेदवाराच्या मागे फोटोसाठी उभं केलं. तुम्ही अर्ध्यातून घरी आलात, पदकं रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलीत आणि न जेवता मळ्यात गेलात. त्यानंतर ती पदकं बाहेर आलेली मला आठवत नाहीत.

2015 च्या जूनमध्ये 'एक रँक, एक पेन्शन'साठी, म्हणजे कधीही निवृत्त झालेल्या सारख्या रँकच्या आणि सारख्या सेवेच्या सैनिकांना सारखीच पेन्शन मिळावी म्हणून, दिल्लीत जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झालं, तेव्हा दिल्लीला निघालेल्यांच्या गाडीभाड्याला तुम्ही ते 500 रुपये दिलेत. 5 सप्टेंबरला सरकारची घोषणा झाली, 1 जुलै 2014 पासूनचा हिशेब धरला गेला आणि चार हप्त्यांत आलेल्या थकबाकीतून आईला पक्कं न्हाणीघर मिळालं. पण तुम्ही पेढे वाटले नाहीत. लढताना सगळे एक आणि वाटणीला बसलं की रँक, असं म्हणाला होता. पुढे सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्याला 15,500 आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांना 5,200 ठरलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये जवान आणि जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) त्याच जंतरमंतरवर आपली वेगळी मागणी घेऊन बसले. तुमचं म्हणणं मला त्या दिवशी कळलं. गोळी रँक बघून लागत नाही, हे तुम्ही नुसतं बोलण्यासाठी बोलत नाही.

पण खरं कारण याहून खोल आहे, असं मला वाटतं. संघटना 26 जुलैला कारगिल विजय दिवस करते, 16 डिसेंबरला 1971 ची आठवण काढते, कराडच्या विजय दिवसाला गाड्या भरून माणसं जातात. तुम्ही गेलात ते श्रीलंकेला, भारताच्या शांतिसेनेबरोबर, 1987 च्या ऑक्टोबरमध्ये. जाफन्यातून तुमच्या सेक्शनमधली दोन माणसं परत आली नाहीत. त्या लढाईला ना विजय दिवस, ना मिरवणूक. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली आणि देश दुसऱ्या कामाला लागला. दुसऱ्यांच्या विजयाच्या मांडवात बसून टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या माणसांचं नावही निघत नाही हे ऐकायचं, ते तुम्हाला जमत नसेल. मला तरी कुठे जमलं असतं?

आता आईचं. आई, पलटणीच्या कागदावर तुझं सासरचं नाव आहे, लग्नात तांदळात लिहिलेलं. आधारकार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं. जन्मसालातही दोन वर्षांचा फरक आहे. आबांच्या माघारी (लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं) कुटुंब निवृत्तिवेतन मागायला गेलीस तर ही बाई तीच, हे तुला सिद्ध करत बसावं लागेल. पलीकडच्या आळीतल्या काकूंचं असंच झालं. नवऱ्याचा दहावा घालून अर्ज केला, आणि वर्ष उलटलं तरी एक रुपया हातात नव्हता. दागिना मोडून खत आणलं त्यांनी.

त्यांचं काम केलं ते संघटनेतल्या एका माणसाने. पलटणीत क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मागच्या शनिवारी मी तुम्हाला न सांगता त्यांना भेटून आले. तालुक्याला बाजारपेठेत वरच्या मजल्यावर एक खोली, एक टेबल, दोन बाक आणि जिन्यापर्यंत बसलेल्या बाया. प्रत्येकीच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, आत कागद. त्यांनी आईचे कागद पाच मिनिटांत वाचले. प्रतिज्ञापत्र कसं करायचं, पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काय घ्यायचं, सगळं एका कागदावर लिहून दिलं. म्हणाले, "तुमचे वडील हयात आहेत तोवर हे सोपं आहे. त्यांची एक सही पुरते." पैसे घेतले नाहीत.

मी त्यांना श्रीलंकेचंही विचारलं. तुमच्याकडे त्या लढाईचा दिवस का नाही? ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणी मागितलाच नाही. तालुक्यात तिकडे जाऊन आलेले आणखी दोघं आहेत, तेही येत नाहीत." आबा, तुम्ही तिघं आपापल्या घरी बसून तेच दुःख धरून आहात, एकमेकांना ठाऊक नसताना. एकाचं गाव आपल्यापासून बारा किलोमीटरवर आहे. नाव आणि नंबर मी आणला आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा देईन.

हार-तुऱ्यांना, सभांना जा असं मी म्हणत नाही. त्यातलं जे खोटं आहे ते खोटंच आहे, आणि तुम्ही त्यापासून दूर राहिलात याचा मला अभिमान वाटतो. पण त्या वरच्या खोलीतलं काम खरं आहे. तिथे जुने पलटणीचे कागद वाचू शकणारा दुसरा माणूस नाही, आणि त्या क्लार्ककाकांना आता दिसायला कमी झालंय.

शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या एसटीने येते. डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि आईचा शाळेचा दाखला काढून ठेवा. खोली अकरा ते एक उघडी असते. आबा, सहीपुरतं वर यायचं आणि लगेच उतरायचं, की थोडं बसायचं, ते तुम्ही ठरवा. आईला घेऊन मी वर जाणार आहे.

तुमची लेक