आधी रक्त, मग पिशवी

चि. राजू यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास त्याचा राग नाही. शिफ्ट करून थकून आला होतास आणि मी त्याच वेळी तोंड सोडलं. पण सूनबाईच्या गर्भाशयातल्या गाठीवरून तू जे बोललास, "आई, बायकांचं असतंच ते, दिवाळीनंतर पिशवी काढून टाकू, एकदाची कटकट मिटेल", ते काही डोक्यातून जात नाही. रात्री उठून बसले तर तुझे बाबा म्हणतात, "काऊन बसून रायली? झोप ना." त्यांना काय सांगू? म्हणून कागदावर लिहिते आहे. फोनवर हा विषय काढला की तू लगेच पाऊस कसा आहे, कापसाला भाव काय निघाला, असं विचारतोस. या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते. एकटा असशील तेव्हा वाच. चिमीला वाचता यायला लागलं आहे, तिच्या हाती मोबाइल देऊ नकोस.

आधी एकच विचारते. सूनबाईचं हिमोग्लोबिन किती आलं? काल विचारलं तर "असेल फाइलमध्ये" म्हणालास. गाठ ५ सेंटिमीटरची आहे हे तुला पाठ आहे, रक्ताचा आकडा मात्र ठाऊक नाही.

पोळ्याला ती आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला वाटलं तोंडात सुपारी आहे. जवळ गेले तर कच्चे तांदूळ. सुपातून चिमूट चिमूट तोंडात टाकत होती, तिचं तिलाच भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिमीच्या दप्तरात पाटीवरची पेन्सिल अर्धी खाल्लेली दिसली. मी पोरीला रागावणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "आई, ते मीच खाल्लं." आणि मान खाली घातली. जशी काही चोरी केली.

राजू, ही चटक नव्हे. अंगातलं लोह कमी झालं की माणसाला कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं खावंसं वाटतं. मी आशाचं काम करते, गरोदर बाईच्या घरी गेले की हे विचारतेच. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. बोअरवरून एक गुंड पाणी आणलं तर ओट्यावर बसून धापा टाकत होती. तेहतीस वर्षांची बाई. पहाटे न्हाणीत चादर धुताना सापडली, कोणाला दिसू नये म्हणून अंधारातच उठली होती. खोदून विचारलं तेव्हा बोलली. आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, रक्ताच्या गुठळ्या पडतात, रात्री दोन-दोन पॅड लावून खाली जुनं लुगडं अंथरते. कधीपासून? दादू झाल्यापासून वाढत गेलं म्हणे. दादू आता पहिलीत आहे!

मी विचारलं, राजूला सांगितलं नाही? तर म्हणाली, "सांगितलं ना. ते म्हणाले, डॉक्टरकडे जाऊन ये." जाऊन ये म्हणालास. चल म्हणाला नाहीस. एवढंच मला बोलायचं होतं काल, पण तोंडून भलतंच निघालं.

आता थोडं समजावून सांगते, कंटाळू नकोस. गर्भाशयाच्या गाठी, ज्याला ते फायब्रॉइड म्हणतात, त्या पुष्कळ बायकांना असतात. कित्येकींना काही त्रासच नसतो, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली तर दिसतात. बहुतेक वेळा त्या कॅन्सरच्या नसतात. गाठ केवढी आहे यापेक्षा कुठं आहे हे जास्त महत्त्वाचं. आतल्या अस्तराला लागून असली तर लहान गाठसुद्धा रक्ताचा पाट वाहवते, आणि बाहेरच्या अंगाला असली तर मोठी होऊनही गप्प राहते. रिपोर्टमध्ये इंट्राम्युरल लिहिलं आहे की सबम्युकोसल, ते बघ. पहिलं म्हणजे पिशवीच्या भिंतीतली, दुसरं म्हणजे आतल्या बाजूची. पाळी कायमची गेली की या गाठी बहुधा आपोआप आक्रसतात. पण तिला त्याला अजून फार वर्षं आहेत, आणि तोवर हे असं अंगावर काढता येणार नाही.

रक्त १२ च्या वर पाहिजे बाईला. ८ च्या खाली गेलं तर ते फारच कमी, त्याला तीव्र ॲनिमिया म्हणतात. मला तिच्या डोळ्यांवरून ७ वाटलं. देव करो आणि मी चुकीची ठरो.

तू म्हणशील आई घाबरट आहे. मी घाबरटच आहे आणि मला कारण आहे. तू तिसरीत होतास तेव्हा मला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. असंच अंगावरून जायचं. वेचणीचे दिवस, ओटी बांधून कापूस वेचायचा, आणि कापसापेक्षा जास्त लक्ष लुगड्यावर. पांढऱ्या कापसात लाल डाग पडला तर कोणाला काय सांगणार? डॉक्टर म्हणाले गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर पुढं कोण काय विचारतं? कापसाचा चुकारा आला होता, तो सगळा तिथं गेला. सही मीच केली, दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, पण कागद इंग्रजीत. ऑपरेशन झालं आणि थोड्याच महिन्यांत अंगाची आग व्हायला लागली. पौषातल्या थंडीत पदर घामानं ओला. रात्रीची झोप गेली. घरचे म्हणायचे, बाहेरचं काही लागलं असेल.

पुढं आशाच्या प्रशिक्षणाला ते दवाखान्याचं कार्ड सोबत नेलं होतं, तेव्हा तिथल्या मॅडमनी वाचून सांगितलं की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. मला पत्ताच नाही. माझ्या पोटातली वस्तू आणि मला पत्ता नाही. अंडाशयं गेली की पाळी जायचं वय एकदम अंगावर येतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. बांधावरून नुसती घसरले तर मनगट मोडलं, आठवतं तुला? तू तेव्हा आयटीआयला होतास, फॉर्म भरायचा सोडून आला होतास.

आणि ऑपरेशनच्या वेळी तू केवढासा होतास. बोअरवरून बादली आणायचास, अर्धी वाटेतच सांडायची. खिचडी तेव्हाच शिकलास, पहिल्या दिवशी मीठ विसरलास आणि तुझे बाबा न बोलता जेवले. उशाशी बसून विचारायचास, "आई, तुले काय झालं?" मी म्हणायचे पोट दुखते. दुसरं सांगायची रीतच नव्हती आपल्याकडं. आजी म्हणायची, बाईचं दुखणं चुलीमागं. पोरांना कोण सांगणार? म्हणून तू मोठा झालास तरी तुला ते पोटदुखणंच वाटतं, यात तुझा दोष नाही. कुठं भरकटले बघ.

हे नुसतं आपल्याच घरचं नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती. ६५० बायका. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती ती शंभरात फक्त ८ जणींची. १९८९ साली लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं, तेव्हा जगाला कळलं की खेड्यातल्या बाईला बाळंतपणाशिवायही आजार असतात. आम्ही बसलेल्या सगळ्या बाया तो आकडा ऐकून गप्प झालो. नंतर चहाच्या वेळी एकेक बोलायला लागली. त्या दिवशी जे ऐकलं ते लिहीत नाही.

दुसरं टोकही आहे. तपासतच नाहीत, आणि तपासलं की थेट कापतात. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये किती गाजलं, चौकशी समिती नेमावी लागली. नको तिथं पिशव्या काढू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. एवढं वर जावं लागलं, म्हणजे बघ.

मी पिशवी काढूच नका म्हणत नाही, नीट वाच. तुझ्या मोठ्या मावशीची काढली आणि ती सुटली, आजही खणखणीत आहे. सूनबाईलाही शेवटी तेच करावं लागेल कदाचित. पण आधी विचारायचं तरी. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून गोळ्या असतात, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या, डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. हार्मोनची तांबी बसवतात, ती काही वर्षं चालते, पण गाठीनं पिशवीचा आकार बिघडला असेल तर बसत नाही. गाठ तेवढी काढून पिशवी ठेवता येते, मात्र पुढं नवीन गाठी होऊ शकतात. मोठ्या दवाखान्यात रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचं रक्तच बंद करतात. यातलं तिला काय चालेल ते डॉक्टर सांगतील, मी आशा आहे, डॉक्टर नाही. आणि पिशवीच काढायची ठरली तर अंडाशयं ठेवणार ना, हे त्यांच्या तोंडून ऐकून घे. कागदावर काय लिहिलं आहे ते सूनबाईला मराठीत सांगायला लाव. सही तिची आहे.

आणि हे सगळं विचारायला तू आत जा. बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसू नकोस. ती एकटी गेली की "बरं डॉक्टर" म्हणून येईल, मला माहीत आहे. दोन डॉक्टरांना दाखव. तिकडं जमत नसेल तर तिला इकडं आण, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात मी गावच्या बायांना नेतच असते.

रक्ताचं पुन्हा लिहिणार नव्हते, पण रक्त इतकं कमी असताना टेबलावर घ्यायचं म्हणजे आधी ते भरून काढावं लागतं, नाहीतर बाहेरचं चढवावं लागतं. लोहाच्या गोळ्या चालू कर. गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, त्याला घाबरून बंद करू नये. पोटाला सोसत नसतील तर शिरेतून लोह देतात. आंबाडी, हरभऱ्याची भाजी, तीळ-गूळ मी पाठवीनच, पण एवढं रक्त जात असताना नुसतं खाण्यावर राहणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. तिचं माहेर चंद्रपूरकडचं, तेव्हा सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का तेही विचार. आपल्या भागात रक्त कमी निघालं की ते बघतातच.

फार झालं का? तुझे बाबा म्हणतात मी बोलायला लागले की मीटिंग घेते. माफ कर. तू वाईट नवरा आहेस असं मी कधीच म्हणणार नाही. कंपनीत उभं राहून राहून तू या घरावर स्लॅब टाकलीस, बाबांचं कर्ज फेडलंस. गावात कोणी तुझं नाव काढलं की मला बरं वाटतं. म्हणूनच बोलते. तिचं दुखणं तुझ्या घरात तू मोठ्यानं बोललास तर चिमीही उद्या अंधारात चादर धुणार नाही.

आता काही लिहीत नाही. वेचणी सुरू झाली आहे, बाया मिळत नाहीत, तरी मी येते. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं वर्ध्याहून तिकीट काढून ठेव. बाबांचं जेवण काकू बघते म्हणाली. ऑपरेशन ठरलं तर महिनाभर राहीन, नाही ठरलं तरी काही दिवस राहीन, सूनबाईला सकाळी उशिरापर्यंत झोपू दे. तिला माझं हे पत्र दाखव, लपवू नकोस. दादूला पापा.

तुझी
आई

ता. क. फाइल काढलीच तर त्या आकड्याचा फोटो पाठव. आणि तासा-तासाला पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, बसल्या जागी छाती धडधडायला लागली, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेची वाट बघू नकोस. रात्र असो की शिफ्ट असो, १०८ ला फोन कर, आणि मग मला.